फुगलेली बॅटरी

गेल्या पावसाळ्यात माझ्या फोनची बॅटरी फुगून मागचे झाकण एका कडेने उचलले गेले, तेव्हा म्हापशाच्या दुरुस्तीवाल्याला ते गरम करून, प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवत गोंद सोडवायला पाऊण तास लागला. जुन्या फोनचे झाकण नखाने निघत असे. पाणी आत शिरू नये म्हणून बॅटरी बंदिस्त हवी, हा युक्तिवाद गोव्याच्या पावसात पटतो खरा. पण २०१४ चा सॅमसंग गॅलॅक्सी एस५ झाकण निघणारे असूनही आयपी६७ दर्जाचा, म्हणजे धूळ आणि पाणी आत न शिरू देणारा, होता, अर्थात ते नीट दाबून बसवले तरच. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनच्या बॅटरीने ८०० चार्जिंग चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखणे बंधनकारक आहे. माझी तर दोन वर्षांतच फुगली.