‘नाहीतर’ला केलेला गोल

यवतमाळकडच्या आमच्या शाळेत नोव्हेंबरअखेर कापूस वेचणीमुळं वर्ग अर्धाच भरतो. संविधान दिनाच्या आदल्या दिवशी दहावीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संविधान सभेतल्या भाषणाचे दोन उतारे दिले. भाषणाची तारीखही तीच, २५ नोव्हेंबर १९४९. प्रत्येक उताऱ्याचा मुख्य विचार एका पूर्ण वाक्यात लिहायचा होता. ‘लोकशाही’ किंवा ‘समता’ एवढंच लिहिलं तर तो विषय झाला. त्याबद्दल वक्त्याचं म्हणणं काय, ते हवं.

पहिला उतारा आकड्यांचा. सभा ९ डिसेंबर १९४६ ला प्रथम भरली, त्याला २ वर्षे ११ महिने १७ दिवस झाले. ११ अधिवेशनं झाली. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बहुतेकांनी मुख्य विचार म्हणून काळाचा आकडाच उतरवला. पाठ असलेलं काही दिसलं की मुलं पुढचं वाचतच नाहीत. मी विचारलं, “हे आकडे बाबासाहेब कोणाला सांगून राहिले?”

मागच्या बाकावरून आलं, “सर, उशीर झाला म्हणणाऱ्यायले.”

अगदी बरोबर. सभेनं वेळ आणि जनतेचा पैसा वाया घालवला, अशी तेव्हा टीका होत होती. अमेरिकेचं काम चार महिन्यांत उरकलं, पण तिथं कलमं सात. आपली तेव्हा ३९५, वर ८ परिशिष्टं. उशिराचा आरोप टिकत नाही, हा मुख्य विचार आणि आकडे त्याचा पुरावा. म्हणून भाषणात आधी समोरच्याचा आक्षेप शोधायचा. तो ‘असं म्हटलं जातं’ अशा वाक्यात सापडतो, आणि घाईत तेच वाक्य वक्त्याचं मत म्हणून लिहिलं जातं.

खरा कस दुसऱ्या उताऱ्यानं पाहिला. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हे वाक्य इतकं ठसठशीत की सगळे तिथंच थांबले. एक मुलगी थांबली नाही. मुख्य विचार वाटणाऱ्या वाक्यावर पेन्सिलीनं रेघ मारायची, उरलेलं वाचायचं; उतारा तरीही मुक्कामी पोचला तर ते वाक्य आधाराचं, ही रीत वर्गाला ठाऊक आहे. तिनं ती शेवटपर्यंत चालवली.

“सर, ‘किती काळ, किती काळ’ इचारून रायले, मंग उत्तर बी सांगतलं असन नं. थे खाली हाये.”

खाली होतंच. ही विसंगती लवकरात लवकर दूर केली पाहिजे, नाहीतर विषमतेनं पोळलेले लोक या सभेनं कष्टानं उभारलेली राजकीय लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील. तिनं ‘नाहीतर’ला गोल केला होता. विसंगतीचं वाक्य निदान सांगतं. भाषण मात्र इशाऱ्यासाठी आहे. इतकं नेमकं वाचन दहावीत फार क्वचित मिळतं. तिचं वाक्य मी जसंच्या तसं फळ्यावर घेतलं.

उरलेल्या वेळात महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधल्या ‘विद्येविना मती गेली’ या ओळी घेतल्या. एकानं ‘गरिबीमुळं शूद्र खचले’ असं लिहिलं. इथं रेघेची रीत अपुरी पडते, कारण शेवटची ओळ खोडली तरी अविद्या पहिल्या ओळीत उरतेच. त्याला खालून वर जायला लावलं: वित्त का गेलं? गती गेली म्हणून. गती? नीती. नीती? मती. मतीपाशी पोचल्यावर त्यानं ‘गरिबी’ खोडून ‘अविद्या’ लिहिलं.