हिरव्या पाटीच्या मागावर: बीजिंग, शिआन, शांघाय

चीनला जायचं ठरलं तेव्हा नातेवाइकांत कुणीही चीनच्या भिंतीबद्दल विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "तिथं खाणार काय?" नणंदेने तर साप-विंचू तळतानाचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. सापाची आम्हाला भीती नव्हती, तो ताटात आला तर ओळखू तरी येतो. धास्ती होती डुकराच्या चरबीची. ती पालेभाजीतही असू शकते आणि दिसत नाही. शिवाय 'भाजी' म्हणून मागवलेल्या वांग्यावर वरून खिमा भुरभुरलेला असायचा तो वेगळाच. म्हणून बॅगेत कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी भरून घेतली. सोलापूरच्या माणसाला एवढी शिदोरी पुरते.

पण तिकडे पोचल्यावर लक्षात आलं, की हा खाण्याचा घोर हाच आमचा खरा वाटाड्या आहे. मुसलमानी खाणावळीवर 'छिंगझन' अशी दोन चिनी अक्षरं असतात, पाटी बहुधा हिरवी. त्या अक्षरांचा फोटो मी मोबाइलच्या स्क्रीनवरच लावून टाकला. पाटी दिसली की आसपास मोहल्ला असतो, मोहल्ला असला की मशीद, आणि मशीद असली की सलामाला सलाम देणारं कुणीतरी भेटतंच. हुई म्हणजे चिनी बोलणारे, चिनी दिसणारे मुसलमान. त्यांची संख्या एक कोटीच्या वर आहे. टूर कंपनीबरोबर गेलो असतो तर राजवाडे पाहिले असते, ही माणसं नसती भेटली.

बीजिंगचं जे सगळे पाहतात ते आम्हीही पाहिलं. फॉरबिडन सिटीचं तिकीट पासपोर्ट नंबर टाकून आधी काढावं लागतं, आणि सोमवारी ती बंद असते, एवढं ध्यानात ठेवा. १४०६ ते १४२० या काळात बांधलेला हा राजवाडा इतका अवाढव्य आहे, की तिसऱ्या चौकानंतर आपण नुसते चालत राहतो, बघणं थांबतं. भिंतीसाठी मुथियानयूला गेलो. वर जायला पाळणा होता, आणि खाली यायला चक्क घसरगाडी. ह्यांनी ती लांबूनच पाहिली आणि म्हणाले, "नक्को बाबा, मैं पाळण्यातूनच उतरतूं." मी घसरत आले. मध्येच एक चिनी आजी ब्रेक दाबून बसली होती, तिच्यामागे आमची वरात.

मला बीजिंगचं कौतुक वाटलं ते न्यूजे भागात. इथली मशीद इ. स. ९९६ ची मानतात. बाहेरून पाहाल तर देऊळच म्हणाल. कौलांची वळलेली टोकं, लाल खांब, आणि ईदचा चंद्र बघायला बांधलेला षट्कोनी मनोरा. आत गेलं की त्याच लाल खांबांवर सोनेरी अरबी अक्षरं. दारावरच्या माणसाने माझ्या डोक्यावरची ओढणी पाहिली, सलाम घेतला आणि तिकीट न मागता आत सोडलं. बायकांसाठी वेगळं दालन आहे. मी तिथे जोहरची, म्हणजे दुपारची, कस्र नमाज पढले. कस्र म्हणजे प्रवासात आखूड केलेली. शेजारच्या बाईने माझा पंजाबी ड्रेस चाचपून पाहिला आणि अंगठा वर केला. चादरीच्या गावची असल्याने मीही तिच्या जाकिटाचं कापड चाचपलं. फिटंफाट!

मशिदीसमोरच्या रस्त्यावर मटणाच्या आणि चिकट तांदळाच्या मिठायांच्या दुकानांपुढे रांगा होत्या. रांगेत मुसलमान नसलेलेही पुष्कळ, इथलं मटण चांगलं म्हणून येणारे. काही पाट्यांवर मात्र 'छिंगझन'च्या बाजूला पट्टी चिकटवलेली दिसली. त्या जागी पूर्वी अरबीत 'हलाल' लिहिलेलं असायचं. २०१९ मध्ये बीजिंगच्या अधिकाऱ्यांनी खाणावळींवरची अरबी अक्षरं काढायला लावली. एका दुकानदाराला मी भाषांतराच्या ॲपवरून त्याबद्दल विचारलं. त्याने मोबाइल वाचला, हसला, आणि आणखी चहा ओतला. शिनजियांगमधल्या उईघूर मुसलमानांवर काय गुदरलं, त्याबद्दलचा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा २०२२ चा अहवाल, हे वाचूनच आम्ही निघालो होतो. "तरी गेलात?" असं काहींनी विचारलं. गेलो. जिथे मशिदी उघड्या आहेत तिथे जाऊन नमाज पढावी आणि जे दिसेल ते डोळे उघडे ठेवून पाहावं, असं आमचं मत. त्या दुकानदाराला दुसऱ्यांदा मात्र विचारलं नाही. आम्ही विमानाने परत येणार, त्याला तिथेच राहायचं होतं.

बीजिंगहून शिआनला जाणारी गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास पळते. डब्यात गरम पाण्याचा नळ असतो, म्हणजे चहाची सोय झाली. वाटेत शिज्याझ्वांग लागतं. सोलापूरचं कुणी तिथून न उतरता पुढे जाईल, हे शक्यच नव्हतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. शिज्याझ्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांचा पुतळा आणि समाधी आहे, कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही तिथेच. झाडणाऱ्या बाईंना मी मोबाइलवर नकाशा मोठा करून सोलापूर दाखवलं. त्या 'के दीहुआ, के दीहुआ' म्हणत झाडू टाकून आमच्याबरोबर समाधीपर्यंत आल्या. 'के दीहुआ' हे कोटणीसांचं चिनी नाव. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक आहे, त्याच्यावरून मी रोज शाळेत जाते. आत शेवटचं कधी गेले होते ते आठवायला वेळ लागला.

शिआन म्हणजे जुनं छांगआन, रेशीम मार्गाचं पूर्वेकडचं टोक. अरब आणि इराणी व्यापारी तांग राजवटीत याच वाटेने येऊन इथे राहिले, त्यांचे वंशज आजही ढोल मनोऱ्यामागच्या गल्ल्यांत आहेत. मुख्य रस्त्यावर पर्यटकांची झुंबड असते. सळईवर मटण, डाळिंबाचा रस, पर्सिमन या फळाची तळलेली पोळी, आणि दोघं जण मोठ्या हातोड्यांनी आळीपाळीने शेंगदाण्याची चिक्की ठोकत असतात. शेंगदाणा म्हटल्यावर आम्ही थांबलोच. पण तिथे फार वेळ काढू नका. एक वळण घेऊन ह्वाज्वे गल्लीत शिरा. दोन्ही बाजूंना स्वस्त पंख्यांची आणि पिशव्यांची दुकानं, आणि त्यांच्या मधूनच शिआनच्या मोठ्या मशिदीचं दार.

परंपरेने ही मशीद इ. स. ७४२ ची. आज उभ्या आहेत त्या बहुतेक इमारती १३९२ पासूनच्या, मिंग राजवटीतल्या आणि नंतरच्या. चिनी राजवाडे आणि देवळं दक्षिणेकडे तोंड करून असतात. ही मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे लांबत जाते, कारण मक्का पश्चिमेला. आपल्यासारखंच. एकामागून एक चौक, त्यांत लाकडी कमानी, दगडी शिलालेख, गुलाब, डाळिंबाची झाडं. मिनार शोधत होतो तर तो तिमजली अष्टकोनी मनोरा निघाला, एखाद्या बागेतल्या मंडपासारखा. घुमट कुठेच नाही. शेवटच्या चौकात निळसर कौलांचं नमाजगाह, आणि आतल्या भिंतींना कुराणाच्या आयती कोरलेल्या लाकडी फळ्या, अरबी आणि चिनी दोन्ही लिपींत. मुसलमान नसलेल्यांना उंबऱ्यापाशी थांबावं लागतं. हे आत गेले, मी बायकांबरोबर बाहेर बसले.

जुम्माच होता. पांढऱ्या टोप्या घातलेले म्हातारे सायकली टेकवून येत होते. खुत्ब्याचं प्रवचन चिनीत, कुराणपठण अरबीत, पण उच्चारांना चिनी वळण. ह्यांना एकही शब्द कळला नाही आणि कुठे उठायचं, कुठे वाकायचं, हे एकदाही चुकलं नाही. नमाज झाल्यावर एका चाचांनी ह्यांचा हात धरला तो सोडेचनात. "पाकिस्तान?" त्यांनी विचारलं. "हिंदुस्थान," हे म्हणाले. चाचा क्षणभर गोंधळले, मग आणखी घट्ट हात दाबला आणि आम्हाला जेवायला कुठे जायचं ते स्वतः चालत येऊन दाखवलं.

तिथे यांगरौ पाओमो खाल्लं, आणि याबद्दल सविस्तर सांगायलाच हवं. बसल्या बसल्या समोर रिकामा वाडगा आणि दोन जाड, घट्ट रोट्या येतात. रोटी आपणच हाताने तोडायची, आणि तुकडे शेंगदाण्याएवढेच हवेत. मी भराभर मोठे तुकडे केले, तर मालकीणबाई आल्या, वाडगा पुढे ओढला आणि माझे तुकडे पुन्हा बारीक करत बसल्या. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब गप्पा मारत मारत अर्धा तास तोडत होतं. त्यांना घाई नव्हती. मग वाडगा, त्याच्याबरोबर नंबराचा बिल्ला, स्वयंपाकघरात जातो. तिथे मटणाच्या उकळत्या रश्शात तो चुरा शिजवून, वर मटणाचे काप आणि काचेसारख्या पारदर्शक शेवया घालून परत येतो. बरोबर गोड लोणच्याचा लसूण आणि लाल तिखट. कडक भाकरी मटणाच्या रश्शात कुस्करून खाणाऱ्याला हे परकं वाटण्याचं कारणच नाही. ह्यांनी घरून आणलेली चटणी वर घातली. मालकीणबाईंनी बोटाने चाखली, आणि नंतर डबाच पुढे ओढला.

शिआनमध्ये मातीचे सैनिक आहेतच. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले, सुमारे आठ हजार असावेत असा अंदाज आहे. पहिल्या खड्ड्यात गर्दीच्या खांद्यांवरूनच पाहावं लागलं. मला जास्त भावला तो मोठा रानहंस पॅगोडा. युआन श्वांगने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवायला इ. स. ६५२ मध्ये तो बांधला. मी शाळेत इतिहास शिकवते. हाच माणूस दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला होता, आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असं लिहून गेला. दर वर्षी हे वाक्य वर्गात वाचलं की मागच्या बाकावरून "बरोबर आहे!" असा आवाज येतोच. संध्याकाळी शहराच्या तटावर जोडसायकल घेतली. तट जवळपास १४ किलोमीटरचा, वरून रस्त्याएवढा रुंद. निम्म्या वाटेवर मला शंका आली की मागे बसलेले हे पॅडलच मारत नाहीत.

शांघायला आल्यावर वाटलं, देशच बदलला. नदीच्या अलीकडे बुंद या काठावरच्या रस्त्याच्या इंग्रजी वळणाच्या दगडी इमारती, पलीकडे पूदोंगचे मनोरे. ६३२ मीटरचा शांघाय टॉवर ढगात घुसलेला. बुंदवरचं हिरव्या टोकदार छपराचं हॉटेल १९२९ मध्ये व्हिक्टर ससून यांनी उभारलं. पुण्याचं ससून रुग्णालय आणि मुंबईचा ससून डॉक ज्या घराण्याचा, तेच हे. आणि त्या घराण्याच्या पैशात माळव्यातून मुंबईमार्गे चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता. फोटो काढणाऱ्या गर्दीत हे आठवून जरा चमत्कारिक वाटलं. खाण्याची चिंता इथे संपलीच होती, कारण लांझौ नूडल्सची दुकानं दर दोन-चार गल्ल्यांआड. पिठाचा गोळा हातांनी ताणत ताणत बारीक तारा काढतात आणि गोमांसाच्या निवळ रश्शात टाकतात. नकाशावर 'लांझौ लामियान' शोधा, बहुतेक वेळा काम होतं. पैसे मात्र बहुतेक ठिकाणी फोननेच देतात, तेव्हा अलीपे या पैशांच्या ॲपला कार्ड घरूनच जोडून न्या.

जुन्या शहरात श्याओताओयुआन मशीद आहे, १९१७ ची. तिच्या जवळच बायकांची स्वतंत्र मशीद आहे, आणि मी शांघायला मुख्यतः तिच्यासाठी आले होते. बायकांसाठी राखलेला कोपरा वेगळा आणि ही वेगळी, हिची धर्मशिक्षिकाही बाईच. तिला 'नु आहोंग' म्हणतात. लहानशी जागा, स्वच्छ फरशी, वजूसाठी, म्हणजे नमाजआधी हातपाय धुवायला, गरम पाण्याचे नळ आणि बसायला ठेंगण्या चौरंग्या. म्हाताऱ्या गुडघ्यांचा विचार कुणीतरी केला होता. आहोंग बाई साठीच्या असाव्यात. त्यांच्यासमोर तीन बायका बोट ठेवून कुराण वाचत होत्या. एक अडखळली की त्या पुस्तकात न पाहता चूक सुधारत. मलाही एक सूरा म्हणायला लावली. माझा एक उच्चार त्यांना पसंत पडला नाही, तो दोनदा म्हणवून घेतला.

आमच्याकडे बाईने मशिदीत जावं की नाही इथूनच वाद सुरू होतो. पुण्याच्या एका मुस्लिम दांपत्याने २०१९ मध्ये त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा पर्सनल लॉ बोर्डाने बायकांना मनाई नाही असं उत्तर दिलं. मनाई नाही हे खरं, पण नळ आणि चौरंगी कुठे आहे? सोलापुरात मी बाजारात असताना नमाजची वेळ झाली तर ओळखीच्या कुणाचं तरी घर गाठते. इथे चीनमध्ये ही पद्धत दोनेकशे वर्षं चालत आलेली आहे. कैफंगमधली बायकांची मशीद १८२० ची सांगतात. कैफंग हे झंगझौच्या बाजूलाच आहे, आणि आमची शिआनची गाडी झंगझौवरूनच गेली होती.

बाहेर आले तेव्हा हे गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्याबरोबर बिनभाषेच्या गप्पा मारत बसले होते. कैफंगचं त्यांना सांगितलं आणि पुढच्या खेपेला तिथे उतरायचंच असं बजावलं. म्हणाले, "उतरेंगे. तू अंदर जा, मैं भार बैठको नूडल खातूं."