तुम्ही विचारलंत म्हणून: ही नक्षी काढतं कोण?

गुहागरला आमच्या वाडीत राहायला येणारी मंडळी सकाळी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर चक्कर मारून येतात आणि चहाला बसल्यावर हमखास विचारतात, काका, ती वाळूवर बारक्या गोळ्यांची नक्षी असते ती काढतं कोण, इतकी रेखीव कशी? मग कुणीतरी खिशातून शंख काढतं आणि प्रश्न मोठा होतो, निसर्गातले हे आकार येतात कुठून, कुणी आधी आखून ठेवलेत का. चहाच्या कपात मावणारं उत्तर नाही हे, म्हणून सवडीने लिहितोय.

आधी कुर्ल्यांचं सांगतो. ही जात अगदी बारकी, नखाएवढी. पाणी मागे हटलं की ती बिळातून बाहेर येते आणि बिळाच्या तोंडापासून सरळ रेषेत चरत निघते, वाळू तोंडाशी न्यायची, कणांना चिकटलेलं खाण्याजोगं काढून घ्यायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची आणि पुढे सरकायचं. बिळाकडे पळायची वाट मात्र मोकळी ठेवायची कारण पक्षी टपलेलेच असतात. एक रेघ झाली की परत बिळापाशी यायचं आणि बाजूने दुसरी धरायची. बस, एवढंच. तिला वर्तुळ ठाऊक नाही, तिला भूक लागलीय आणि भीती वाटतेय, आणि त्या दोन्हींतून बिळाभोवती अशा रांगा उमटतात की आपण थबकून बघत राहतो.

म्हणून मी पाहुण्यांना सांगतो की आकार दिसला की तो कशासारखा दिसतो हे सोडा, तो वाढला कसा ते विचारा.

शंखाचंच बघा. आतला जीव कवच फक्त तोंडाच्या कडेला वाढवतो, मागचं बांधकाम जसंच्या तसं राहतं. आपल्याकडे जुन्या घराला पडवी काढतात, मग कुटुंब वाढलं की तिला लागून आणखी एक, तसंच, फक्त इथे प्रत्येक वाढीव भाग आधीपेक्षा त्याच प्रमाणात मोठा असतो. प्रमाण कायम ठेवून एका कडेने थोडं जास्त वाढत गेलं की वळसा आपोआप पडतो. त्यामुळे शंख हातात घेतलात तर टोकाशी त्याचं बालपण असतं आणि तोंडाशी अगदी शेवटचे दिवस, सगळं वय एकदम. मला हे फार विलक्षण वाटतं, अजूनही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रत्येक शंखात १.६१८ चं सुवर्ण गुणोत्तर असतं असे जे फॉरवर्ड फिरतात ते खरे नाहीत. नॉटिलस या समुद्री जीवाचं गुंडाळलेलं कवच एका वेढ्यात साधारण तिप्पट रुंदावतं, त्या गुणोत्तरावर बेतलेला वळसा, म्हणजे सुवर्ण सर्पिल, जवळजवळ सातपट व्हायला हवं. शंख आहे तसा पुरेसा सुंदर आहे, त्याच्यावर आकडा लादायची गरज नाही.

आकार येतो कुठून हा वाद तसा जुना. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचं म्हणणं खरा आकार या जगापलीकडे असतो, इथे दिसते ती त्याची नक्कल. त्याचाच शिष्य ॲरिस्टॉटल लेस्बॉस बेटावर राहून मासे, शिंपले, माकूळ बघत होता आणि त्याचं म्हणणं आकार वस्तूतच असतो. त्याचं प्राण्यांवरचं पुस्तक इंग्रजीत आणलं ते स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ डार्सी थॉम्पसन यांनी, आणि याच माणसाने १९१७ साली जाडजूड ग्रंथ लिहून मांडलं की वस्तूचा आकार म्हणजे तिच्यावर काम केलेल्या बलांचा आराखडा. मी किनाऱ्यावर राहणारा माणूस, मला ॲरिस्टॉटलची बाजू पटते.

आता माड. माडाला कोंब एकच, झावळ्या एकामागून एक निघतात, आणि प्रत्येक नवी झावळी आधीच्या झावळीपासून सुमारे १४० अंश वळून येते. का, तर नव्या झावळीला जुन्यांपासून लांब, मोकळी जागा हवी असते. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी तेलाच्या ताटलीत मध्यभागी चुंबकी द्रवाचे थेंब ठरावीक वेळाने सोडले, थेंब एकमेकांना दूर ढकलत कडेकडे सरकत होते, आणि त्यांच्यातही तोच कोन आणि तसेच वळसे तयार झाले. ना बीज, ना पान, ना जीव, तरी तोच आकार!

काही माडांच्या झावळ्यांचा वळसा डावीकडे जातो, काहींचा उजवीकडे. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधले टी. ए. डेव्हिस यांनी हजारो माड तपासले तर दोन्ही साधारण निम्मेनिम्मे निघाले, आणि डाव्या माडाचा नारळ रुजवला तर रोप डावंच येईल असं नाही. तळ्यातल्या एका गोगलगायीचं मात्र वेगळं, तिचं कवच कुठे वळणार ते तिच्या आईच्या जनुकांवर ठरतं, हे १९२३ मध्येच कळलं होतं. म्हणजे वळसा दोघांतही, कारण वेगवेगळं, गोगलगायीत वारसा आणि माडात बहुतेक योगायोग. नुसतं बघून ते कळत नाही.

कुणी म्हणतं, असं सगळं उलगडलं की देवाला जागा कुठे राहिली? माझी आई रोज शंखाची पूजा करते आणि मी तिला हे सगळं सांगितलंय, तिची पूजा थांबली नाही आणि माझं आश्चर्यही कमी झालं नाही. आखणारा कुणी नसताना इतकं नेमकं होतं हे मला जास्त मोठं वाटतं.

डावा-उजवा माड ओळखायचा असेल तर मान वर करून पेंडी, म्हणजे नारळांचे घड, बघा. पेंड झावळीच्या बरोबर मधोमध नसते, एका बाजूला कललेली असते, आणि एका माडावर ती बाजू सगळीकडे तीच. आमच्या विहिरीजवळ दोन्ही प्रकारचे माड शेजारीशेजारी आहेत, आलात की दाखवतो.