खांबावरचा कॅमेरा कोणाचा, आणि त्याचा हिशोब कोणाकडे मागायचा?

चौकात नवे कॅमेरे बसले की उद्घाटन होतं, आकडा छापून येतो आणि पुढे कोणी विचारत नाही. त्या आकड्यातून आपल्याला फारसं काहीच कळत नाही. खांबावर लावलेला कॅमेरा चालू असेलच असं नाही, चालू असलेला रेकॉर्ड करत असेलच असं नाही, आणि रेकॉर्ड झालेल्या चित्रात गाडीचा नंबर वाचता येईल याची तर अजिबात खात्री नसते. म्हणून माझं सांगणं असं आहे की पालिकेला किंवा पोलिसांना ‘कॅमेरे किती’ हे विचारण्यात माहिती अधिकाराचा अर्ज वाया घालवू नका. ठेकेदाराच्या बिलातून किती दंड कापला, ते विचारा.

मुंबईचं उदाहरण घ्या. २००८ च्या हल्ल्यानंतर शहरभर कॅमेरे बसवायचं ठरलं. यंत्रणा पूर्ण होऊन सुरू झाली २ ऑक्टोबर २०१६ रोजी: १,५१० ठिकाणी ४,७१७ कॅमेरे, खर्च सुमारे ९४९ कोटी रुपये. एवढ्या पैशाची कामं ‘बसवले आणि मोकळे’ अशी नसतात. करारात देखभालीची वर्षं ठरलेली असतात, दर तिमाहीला बिल निघतं आणि यंत्रणा किती टक्के वेळ चालू राहिली पाहिजे हे लिहिलेलं असतं. त्याखाली गेलं तर बिलातून वजावट करायची असते. बंद कॅमेऱ्यांच्या तक्रारी ढीगभर आणि वजावट शून्य, असं कागदावर दिसलं तर बिल मंजूर करणाऱ्या अभियंत्याला आणि लेखा विभागाला थेट प्रश्न विचारता येतो. ‘कॅमेरे बंद का’ या प्रश्नावर उत्तर ठरलेलं असतं: रस्ता खोदताना केबल तुटली. ती तुटतेच, हे खरं आहे. फायबर तुटणं, पथदिव्याच्या फीडरवरची वीज जाणं, पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरणं, वाढलेल्या फांदीने चित्र झाकणं आणि देखभालीचा करार संपून नवी निविदा न निघणं, ही नेहमीची कारणं आहेत. यातलं शेवटचं सर्वांत वाईट, कारण तेव्हा दंड करायला ठेकेदारच उरलेला नसतो.

आता चित्राच्या दर्जाबद्दल. हा भाग नागरिकांना कोणी समजावून सांगत नाही. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर चित्रात दर मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल लागतात, हा आंतरराष्ट्रीय मानकातला आकडा आहे. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात, आणि नुसतं काय चाललंय ते बघायला ६२. नेहमीच्या दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल असते. भागाकार करा: ओळख पटण्याजोगं चित्र फक्त साडेसात मीटर रुंदीपर्यंत मिळतं. तोच कॅमेरा तीस मीटरचा अख्खा चौक टिपायला लावला तर मीटरला ६४ पिक्सेल उरतात. गर्दी दिसेल, चेहरा पटणार नाही. अशा चित्रावर चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर चालवलं तर चुकीच्या माणसावर बोट ठेवलं जाण्याचा धोका वाढतो, आणि तो माणूस तुमच्याआमच्यापैकीच कोणी असतो.

साठवणुकीचा हिशोबही करून पाहा. सेकंदाला चार मेगाबिट या दराने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी भरतो, तीस दिवसांत सुमारे १.३ टीबी. हजार कॅमेऱ्यांना १,३०० टीबी. डिस्क महाग पडतात, मग दर निम्म्यावर आणला जातो. कागदावर ‘तीस दिवसांचं रेकॉर्डिंग’ शाबूत राहतं, पण हलत्या गाडीची नंबरप्लेट पुसट होते. म्हणून करारातली तांत्रिक परिशिष्टं मागायची ती रिझोल्यूशन, फ्रेमचा वेग, बिटरेट (सेकंदाला किती मेगाबिट) आणि साठवणुकीचे दिवस या चारही गोष्टींसह.

मालकीचा घोळ सर्वांत आधी सोडवावा लागतो. एकाच खांबावर वाहतूक पोलिसांचा, स्मार्ट सिटी कंपनीचा, पालिकेचा आणि आमदार निधीतून बसवलेला असे वेगवेगळे कॅमेरे असू शकतात. प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. माहिती अधिकाराच्या कलम ६(३) प्रमाणे अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. ‘आमच्याशी संबंधित नाही’ एवढं लिहून अर्ज निकाली काढता येत नाही. तरी वेळ वाचवायचा असेल तर खांबाचा क्रमांक, जवळच्या दुकानाची किंवा वळणाची खूण आणि कॅमेऱ्याच्या पेटीवरचं नाव अर्जात लिहा.

अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर. महाराष्ट्रात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. त्यामुळे करार, बिलं आणि फुटेजचं धोरण एकाच अर्जात कोंबू नका, तीन अर्ज करा. बिलांच्या अर्जाचा मजकूर एवढा पुरे: ‘अमुक प्रभागातील सार्वजनिक कॅमेरा यंत्रणेच्या देखभालीसाठी १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात अदा केलेल्या प्रत्येक देयकाची प्रत, त्यासोबतचा यंत्रणा चालू राहिल्याचा अहवाल, दंड वजावटीचा तक्ता आणि मंजुरीची टिपणी.’ का, कसं, कधी सुधारणार असले प्रश्न टाळा. ‘प्रश्नार्थक माहिती देय नाही’ हे उत्तर तयारच असतं. कागद मागा.

नकार साधारण तीन तऱ्हांचे येतात. ‘सुरक्षेचा प्रश्न’ म्हटलं तर कोणतं उपकलम, ते लेखी मागा, आणि कलम १० दाखवून नेमकी ठिकाणं झाकून बाकीची प्रत मागा. दंडाच्या तक्त्याने कोणाची सुरक्षा धोक्यात येत नाही. ‘ठेकेदाराचं व्यापारी गुपित’ म्हटलं तर कलम ११ प्रमाणे ठेकेदाराला नोटीस देऊन चाळीस दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ठेकेदाराने हरकत घेतली म्हणून माहिती आपोआप नाकारता येत नाही. तिसरा नकार ‘वैयक्तिक माहिती’चा. वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या कलम ८(१)(ञ) (इंग्रजीतलं 8(1)(j)) मधला बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आणि ही पळवाट रुंद झाली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण कंपनीचं बिल ही कोणाची वैयक्तिक माहिती नव्हे, आणि व्यापक जनहिताचं कलम ८(२) अजून जागेवर आहे. तीस दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. या सुनावणीची तयारी नीट करा. दुसऱ्या अपिलाला नव्वद दिवसांची मुदत आहे खरी, पण राज्य माहिती आयोगापुढे तारीख लागायला फार काळ जातो.

अपघात, चोरी, मारहाण अशा प्रसंगी मात्र माहिती अधिकारावर विसंबू नका. उत्तराची मुदत तीस दिवसांची, आणि तेवढ्यात रेकॉर्डिंगवर नवं रेकॉर्डिंग चढलेलं असतं. त्याच दिवशी साध्या कागदावर ‘फुटेज जतन करण्याबाबत’ अर्ज करा: खांब क्रमांक, तारीख, वेळ अमुक ते अमुक (आधी-नंतर अर्धा तास जास्त). एक प्रत पोलीस ठाण्याला, एक कॅमेरे सांभाळणाऱ्या कार्यालयाला, आणि दोन्हीकडून आवक क्रमांकासह पोच. फुटेज तुमच्या हातात बहुधा मिळणार नाही, ते तपास अधिकारी घेतो. तुमचं काम ते पुसलं जाऊ न देणं. मॉनिटरवर मोबाइल धरून काढलेली चित्रफीत पुरावा म्हणून टिकवणं अवघड जातं. मूळ फाइल, तिची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र घेतलं का, हे अधिकाऱ्याला आवर्जून विचारा.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: ते फुटेज बघतं कोण? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यावर मर्यादा घालायची तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय प्रमाणात हवा. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांना ही कसोटी लावायची तर नियंत्रण कक्षातली प्रवेशाची नोंदवही लागते: कोणी, कधी, कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र पाहिलं किंवा कॉपी केलं. अशी नोंद ठेवली जाते का आणि तिची तपासणी कोण करतं, यावर वेगळा अर्ज करण्यासारखा आहे.

आपल्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यांची एवढी तत्परता, मग यंत्रणेवर रोखलेल्यांची किती? २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली अशा सगळ्या ठिकाणी आवाजासह कॅमेरे आणि अठरा महिन्यांची साठवण सांगितली. बाजारात तेवढ्याची सोय नसेल तर किमान एक वर्ष. तुमच्या ठाण्यातले किती चालू आहेत आणि जिल्हास्तरीय देखरेख समितीच्या बैठका कधी झाल्या, याचे कागद जरूर मागा.

२०२२ ते २०२६ या काळातली कामं तपासताना आणखी एक लक्षात ठेवा. मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत तेव्हा नगरसेवक नव्हते. स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा या दोन्हींचे अधिकार एकट्या प्रशासकाकडे होते. त्यामुळे निविदेवर चर्चेचं इतिवृत्त सापडणार नाही; ‘प्रशासक ठराव’ क्रमांक मागावा लागेल. आता सभागृहं पुन्हा भरली आहेत, तर तो ठराव आपल्या नगरसेवकाच्या हातात द्या आणि सभेत लेखी प्रश्न विचारायला लावा.

अर्ज न करताही बरंच बघता येतं. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने महापालिकांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख विनामूल्य पाहण्याची सोय केली होती; तुमच्या पालिकेत ती अजून चालू आहे का, ते आधी विचारा. चालू असेल तर विद्युत विभागात जा, कॅमेऱ्यांच्या देखभालीची नस्ती (फाइल) मागा, वजावटीच्या तक्त्याचा पान क्रमांक टिपून घ्या. प्रती नंतर दोन रुपये पानाने, नेमक्या तेवढ्याच मागता येतात.