जुन्या फोर्ड पिकअपचं अलाइनमेंट: आधी स्प्रिंग बघा

अमेरिकेत जुनी फोर्ड एफ-100 हौसेने रस्त्यावर ठेवणारे बरेच आहेत, आणि पुढचे टायर आतल्या कडेने खाल्ले जातात ही त्यांची ठरलेली तक्रार. मग गाडी अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला जाते, टो (वरून पाहता पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) लावून परत येते, आणि टायर पुन्हा तसेच झिजतात.

कारण पुढच्या रचनेत आहे. 1965 पासून फोर्डने टू-व्हील ड्राइव्ह पिकअपला 'ट्विन आय-बीम' सस्पेन्शन दिलं. त्याच मालिकेतल्या एफ-150 वर ते 1996 पर्यंत टिकलं. प्रत्येक चाकाला वेगळा पोलादी बीम, पण तो चेसिसला जोडलेला पलीकडच्या बाजूला. त्यामुळे गाडीची उंची बदलली की कॅम्बरही, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कलही बदलतो. स्प्रिंग थकून दबली, की चाकाचा माथा आत झुकतो आणि आतली कड झिजते. अशा गाडीत आधी स्प्रिंग बदलायची. पुष्कळदा कॅम्बर तेवढ्यानेच जागेवर येतो.

त्यानंतर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन. (आपल्याकडच्या जड ट्रकच्या मिस्त्रींना हे नवं नाही.) चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा: खेळ गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. बीमला मागेपुढे सरकू न देणाऱ्या दांड्याचे, म्हणजे रेडियस आर्मचे रबर बुश फाटले असतील तर ब्रेक मारताना बीम मागेपुढे सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. हे सगळं ढिलं असताना अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया.

टो घरीही लावता येतो. चाक उचलून फिरवा आणि टायरच्या मधोमध खडूची रेघ ओढून घ्या. जॅक काढल्यावर लगेच मोजू नका! बीम लटकलेला असताना चाकं खालून आत येतात आणि जमिनीवर टेकली तरी तशीच अडकून राहतात. गाडी थोडी दाबून हलवा, तीन-चार मीटर पुढे ढकला, आणि शेवटची हालचाल पुढेच असू द्या. मग हबच्या उंचीला दोन्ही रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. रेडियल टायरला पुढचं अंतर 1/16 ते 1/8 इंच, म्हणजे साधारण दीड ते तीन मिलिमीटर कमी पुरे. टाय रॉडच्या (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या) स्लीव्हचे, म्हणजे आटे असलेल्या नळीचे क्लॅम्प सैल करून स्लीव्ह फिरवायची. दोन टोकांचे आटे उलटसुलट असल्याने लांबी वाढते किंवा घटते. गंजलेली असेल तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. प्रत्येक बदलानंतर गाडी पुन्हा पुढे ढकलून मोजायचं, हे कंटाळवाणं आहे पण टाळता येत नाही.

कॅम्बर मात्र घरचं काम नाही. किंगपिनच्या मॉडेलमध्ये त्यासाठी बोल्ट किंवा शिम (पातळ पट्ट्या) नाहीत. हायड्रॉलिक जॅकने बीमच थंड अवस्थेत वाकवतात. तापवून वाकवतो म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा, कारण उष्णतेने पोलादाची ताकद जाते. झगमगीत टायर दुकानं हे काम सहसा घेत नाहीत. अवजड ट्रकच्या एक्सलचं काम करणारी जुनी वर्कशॉप शोधा, आणि तिथे जाण्याआधी टायरची हवा बरोबर करून मागचा हौदा रिकामा करा.

क्लॅम्प आवळल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. त्यांचे बोल्ट बीमला घासत असतील तर क्लॅम्प फिरवून घ्या.