एक व्हॉल्व्ह बंद, एक उघडा

आमच्या बाथरूममधला टॉवेल रेल (टॉवेल वाळवायचा गरम पाइपांचा स्टँड) घराच्या हीटिंगच्या बॉयलरच्या पाण्यावर चालतो, त्यामुळे थंडीत टॉवेल एकदम कोरडा कडकडीत, पण एकदा का घराचं हीटिंग बंद झालं की तोच रेल म्हणजे भिंतीला लटकवलेली गारढोण शिडी, आणि टॉवेल दुसऱ्या दिवशीपण दमट, वर तो कुबट वास. म्हणून शेवटी ड्युअल फ्युएल (बॉयलर आणि वीज, दोन्हींवर चालणारा) करून घेतला. म्हणजे फार काही नाही, खालच्या एका टोकाला टी-पीस (T आकाराचा सांधा) बसवून त्यातून एक इलेक्ट्रिक एलिमेंट आत सरकवलं, पाणी तेच, पाइप तेच. खालूनच का, तर गरम पाणी वर चढतं, वरून घातलं असतं तर खालच्या दांड्या गारच राहिल्या असत्या.

पहिल्या दिवशी बटण दाबलं, तासभर थांबलो, रेल नुसता कोमट! म्हटलं गेले पैसे पाण्यात. मग सहज खाली हात लावला तर जमिनीतून वर येणारा पाइप चांगलाच गरम. रेलमध्ये पाणी आत-बाहेर सोडणारे खालचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे होते ना, ते ३०० वॉटचं बिचारं एलिमेंट रेल सोडून पाइपांनाच शेकत बसलेलं. एक व्हॉल्व्ह बंद केला आणि मग कुठे रेल तापला.

आता तुम्हाला वाटेल दोन्ही बंद केले तर अजून बरं, पण ते अजिबात करू नका. पाणी तापलं की फुगतं, त्याला सरकायला जागा लागते, दोन्हीकडून कोंडलं तर आत प्रेशर वाढतं आणि सांधे गळायला लागतात. थंडीत हीटिंग सुरू करताना तो बंद व्हॉल्व्ह परत उघडायचा, हे मी विसरलो होतो आणि उगाच बॉयलरला शिव्या घातल्या.

आणि रिकाम्या रेलमध्ये एलिमेंट चालू करायचं नाही, जळतं. आधी वरच्या स्क्रूमधून हवा सोडायची, फुस्स आवाज थांबून पाण्याचा थेंब दिसला की लगेच आवळायचा.

खर्चाचं म्हणाल तर दोन तास चालवलं तर ०.६ युनिट, टायमर लावला की झालं. क्रोमचा रेल दिसायला भारी पण रंगवलेल्यापेक्षा खोलीत उष्णता कमी सोडतो, त्यात वर जाड टॉवेल, म्हणजे बाथरूम उबदार होईल ही आशा सोडा.

वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच, पाण्याच्या जागी हौस नको. त्याने स्विच बाथरूमच्या बाहेर काढला ते बरोबरच आहे, फक्त घरातले सगळे तो लाइटचा समजून बंद करून जातात.