पडलं की पाडलं?

‘द गव्हर्नमेंट फेल.’ माहितीपटाचा निवेदक हे तीन शब्द बोलून कधीच पुढच्या वाक्यावर गेला होता. मी सबटायटल्स करते, त्यामुळे मला तिथे थांबावं लागलं. सरकार पडलं, की सरकार पाडलं? फरक एका कान्याचा. पडलं म्हटलं तर बहुमत आपसूक ओसरलं. पाडलं म्हटलं तर कोणीतरी रात्र जागवून आकडे जुळवले, कोणाला तरी फोडलं. निवेदकाला यातलं काहीच सांगायचं नव्हतं आणि त्याच्या भाषेने त्याला तशी सवलत दिली होती.

तेव्हापासून ‘फॉल’ या शब्दावर माझी पाळत आहे. शब्दकोशात त्याचा संसार पानंच्या पानं पसरलेला दिसतो. धबधबा फॉल, पानगळीचा ऋतू फॉल, क्रिकेटमध्ये विकेट गेली तर फॉल, कुस्तीत प्रतिस्पर्धी चीत झाला तर फॉल. साडीच्या काठाला आतून लावतो ती पट्टीसुद्धा फॉल, कारण तिच्या वजनाने साडी नीट खाली पडते. यांतले बहुतेक अर्थ निरुपद्रवी. मी पाळत ठेवते ती पडणारा समोर दिसतो आणि पाडणारा कुठेच दिसत नाही, अशा वाक्यांवर.

इंग्रजीत पाडणारा मुळात नव्हता असं नाही. आपल्याकडे जसं मर-मार, गळ-गाळ, पड-पाड, तसा मधला स्वर बदलून ‘करायला लावणारं’ क्रियापद घडवायची सोय जुन्या जर्मानिक भाषांमध्येही होती. सिट-सेट आणि लाय-ले या जोड्या त्यातल्याच. फॉलची जोडी म्हणजे ‘फेल’, पाडणे. घोळ असा, की फॉलचा भूतकाळही फेलच. (देवनागरीत लिहिलं की तो नापासही वाटतो. नापासवाला फेल मात्र वेगळ्या घराण्यातला: लॅटिनमधल्या ‘फसवणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. फॉल्स, फॉल्ट, फॅलसी ही त्याची भावंडं. त्यांचा पडण्याशी काही संबंध नाही.) हा पाडणारा फेल आज मुख्यतः जंगलात राहतो, लाकूडतोड्यांबरोबर. कधी बॉक्सिंगच्या बातमीत दिसतो. सरकार पाडायचं असेल तर इंग्रजीला ‘टॉपल’ किंवा ‘ब्रिंग डाउन’ असं काहीतरी मुद्दाम शोधून आणावं लागतं. न शोधता फॉल लिहिलं तरी वाक्य पूर्ण होतं, कोणी काही विचारत नाही. मराठी वाचक लगेच विचारतो.

शहरांच्या बाबतीत तर हा शब्द सरळ एका बाजूला जाऊन उभा राहतो. 1453 साली कॉन्स्टँटिनोपलचा ‘फॉल’ झाला. तुर्कीत त्याच घटनेला ‘फेतिह’ म्हणतात, म्हणजे विजय. 30 एप्रिल 1975 हा इंग्रजीत ‘फॉल ऑफ सायगॉन’चा दिवस. व्हिएतनाममध्ये त्या दिवशी दक्षिणेच्या मुक्तीची आणि देशाच्या एकीकरणाची सुट्टी असते. पडलं, असं आतले लोक म्हणतात, किंवा त्यांचे मित्र. बाहेरून शिडी लावून चढणारा कधी ‘पडलं’ म्हणत नाही.

बर्लिनची भिंत मात्र याला अपवाद. ती ‘पडली’ असं सगळेच आनंदाने म्हणतात, जर्मनसुद्धा. पण 9 नोव्हेंबर 1989 च्या रात्री भिंत होती तिथेच उभी होती. एका पत्रकार परिषदेत गुंटर शाबोव्स्की नावाच्या नेत्याने प्रवासाचे नवे नियम अर्धवट वाचून, ते तत्काळ लागू आहेत असं सांगून टाकलं. लोक नाक्यांवर लोटले आणि पहारेकऱ्यांनी फाटकं उघडली. लोकांनी हातोडे, छिन्न्या घेऊन तुकडे काढले हे खरं, पण ती रीतसर पाडायला सुरुवात झाली ती जून 1990 मध्ये. म्हणजे पडली एका वर्षी, पाडली दुसऱ्या वर्षी. हे वाक्य इंग्रजीत करून बघा.

माणसांवर आल्यावर मला हसू येत नाही. ‘फॉलन सोल्जर्स’ म्हणजे शहीद, आपल्याकडे धारातीर्थी पडलेले. ‘फॉलन वुमन’ म्हणजे पतिता. क्रियापद तेच. पडलेल्या पुरुषाचा चौथरा बांधतात आणि पडलेल्या बाईला दार बंद करतात. यात मराठीनेही काही वेगळं केलेलं नाही, उलट संस्कृत शब्द वापरून ते जास्त गंभीर केलंय. पतिता म्हणणाऱ्याला पाडणारा कोण हे बहुधा ठाऊक असतं, म्हणूनच तो शब्द सोयीचा. अशा ठिकाणी मी सबटायटलमध्ये ‘बदनाम केलेली’ लिहिते. ‘केलेली’ या शब्दाला जागा लागते, वाचायला वेळ लागतो. मी ती जागा काढते.

आजारी पडणं दोन्ही भाषांत आहे, प्रेमात पडणं आहे, बळी पडणं आहे, कमी पडणं आहे. ही ओळीने जुळणारी क्रियापदं बघून सुरुवातीला वाटतं, काम सोपं आहे. मग झोप येते. इंग्रज झोपेत पडतो, आपल्याला झोप लागते. स्वप्न मात्र आपल्यालाच पडतं, आणि प्रश्नसुद्धा. इंग्रजाकडे ते नुसते ‘असतात’. प्रश्न वरून कुठून तरी आपल्यावर पडतो ही कल्पना मला फार आवडते. त्यात निदान आपला दोष नाही.

ऋतूचं नावही याच पडण्यातून आलं. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘फॉल ऑफ द लीफ’ म्हणायचे, त्याआधी त्या ऋतूला ‘हार्वेस्ट’, म्हणजे सुगी. पुढे ब्रिटिशांनी फ्रेंचमधून आलेला ‘ऑटम’ ठेवला, अमेरिकेने फॉल ठेवला, आणि आता ब्रिटिश फॉलला अमेरिकन म्हणून नाकं मुरडतात. पण पानं काही पडत नाहीत. दिवस लहान होऊ लागले की देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो. झाड पानातलं कामाचं द्रव्य परत ओढून घेतं, मग पान तिथून सुटतं. वारा फक्त शेवटचा धक्का देतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने झाड पानं पाडतं. ‘झाड पानं गाळतं’ हे मराठीत पूर्वीपासून आहेच.

पडणे या शब्दाचं मूळ शोधायला गेले तेव्हा मला वाटलं होतं, ते कुठेतरी फॉललाच जाऊन मिळेल. मिळत नाही. पडणे आलंय संस्कृत ‘पत्’पासून, आणि पत् म्हणजे पडणे तसंच उडणेही. पतन त्यातलंच आणि पतंगही त्यातलाच. त्याच प्राचीन मुळाचा इंग्रजीतला वंशज आहे ‘फेदर’, पीस. ग्रीकमधला पंखाचा शब्दही त्याच मुळाचा, तो हेलिकॉप्टरच्या शेपटात बसलाय. पापणी खाली उतरते त्या विकाराला डॉक्टर ‘टोसिस’ म्हणतात, तोही याच घरातला, पण तिकडे उडणं नाही, नुसतं पडणं. 2 ऑगस्ट 1971 रोजी अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस सोडलं. हवा नसल्यामुळे दोन्ही एकाच वेळी जमिनीला लागली. तो प्रयोग गॅलिलिओसाठी होता. मी तो बघते ते पिसासाठी: उडण्यासाठी असलेली वस्तू आपल्या जुन्या धातूचा दुसरा अर्थ निमूटपणे पाळताना दिसते.

आरोग्याच्या माहितीपत्रकांत फॉल हे नाम होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की पडून दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं मरतात, आणि त्यात साठीच्या पुढची सगळ्यात जास्त. गंमत म्हणजे इंग्रजीत तरुण माणूस ‘फेल’, नुसता पडतो, म्हातारं माणूस मात्र ‘हॅड अ फॉल’. एका वयानंतर पडणं ही क्रिया राहत नाही, ती फाइलमधली नोंद होते. मराठीत नातूही पडला आणि आजोबाही पडले. इथे आपली भाषा मला जास्त सभ्य वाटते.

आणि ‘फॉलआउट’. आज कुठल्याही राजीनाम्यानंतर राजकीय फॉलआउटची चर्चा होते, पण हा शब्द अणुस्फोटानंतर आकाशातून खाली येणाऱ्या किरणोत्सारी धुळीसाठी घडला. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अंदाजाच्या अडीचपट मोठा झाला. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर एक जपानी मासेमारी बोट होती, तिच्यावर 23 माणसं. त्यांच्या अंगावर पांढरी भुकटी पडत राहिली, प्रवाळाचा चुरा. सगळे आजारी पडले (हे इथलं ‘पडले’ लिहिताना हात अडखळतो), आणि त्यांच्यातला रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये गेला. जपानी लोकांनी त्या भुकटीला मृत्यूची राख म्हटलं. इंग्रजीने म्हटलं फॉलआउट, खाली पडलेलं. पाऊस पडतो, बर्फ पडतो, तसंच हेही. पाडणारा नामानिराळा.

एकच जोडशब्द मला सापडला ज्यात पाडणाऱ्याचं नाव लिहिलेलं आहे: ‘विंडफॉल’. वाऱ्याने पाडलेलं फळ, म्हणून अवचित हाती आलेला पैसा, आपलं घबाड. 1997 मध्ये ब्रिटनच्या नव्या लेबर सरकारने खासगीकरण झालेल्या वीज, पाणी वगैरे कंपन्यांवर ‘विंडफॉल टॅक्स’ बसवला. युक्तिवाद असा, की आधीच्या सरकारने त्या कंपन्या फार स्वस्तात विकल्या होत्या. म्हणजे झाड सरकारनेच हलवलं होतं, आणि नाव वाऱ्याचं लावलं. सबटायटलमध्ये मी ‘स्वस्तात विकलेल्या कंपन्यांवरचा कर’ लिहिलं. तपासणाऱ्याने परत पाठवलं, मूळ शब्दाला धरून नाही म्हणून. आता तिथे ‘अनपेक्षित नफ्यावरचा कर’ असं आहे. नफा अनपेक्षित कोणाला होता, ते त्यानेही विचारलं नाही.